जुलैचं भाडं आणि मार्चची स्कॉलरशिप

नमस्कार मंडळी. या वेळी पत्रं जरा जास्तच आली आणि बरीचशी एकाच विषयावरची, कॉलेजात ॲडमिशन तर मिळालं पण तिथे टिकायचं कसं. मी नाशिकच्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं स्कॉलरशिप आणि विद्यार्थी कल्याणाचं टेबल माझ्याकडे होतं, त्यामुळे यावर बोलायला बसले की थांबत नाही मी. म्हणून या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि हीच पत्रं घेतलीत.

ताई, मी सुरगाणा तालुक्यातली, कोकणा या आदिवासी समाजाची. नाशिकला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून पेठ रोडला चौघी मिळून खोली केलीय, माझ्या वाट्याला महिन्याला दीड हजार येतात. दादा आणि आई दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जातात तेव्हाच पैसे पाठवू शकतात. स्कॉलरशिपचा फॉर्म कॉलेजकडेच पेंडिंग दाखवतो. वर्गात सगळं इंग्लिशमध्ये चालतं आणि एकदा प्रॅक्टिकलला मी आमच्या बोलीत काहीतरी बोलून गेले तर मुली हसल्या, तेव्हापासून मी गप्पच असते. वाटतं ॲडमिशन काढून घ्यावं आणि घरी बसून मुक्त विद्यापीठातून करावं. काय करू?

अगं, सगळ्यात आधी, ॲडमिशन काढू नकोस. कॅन्सल करायला एक अर्ज पुरतो पण परत मिळवायला वर्ष जातं, आणि ते वर्ष घरी बसलं की मुलींच्या बाबतीत काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

मुक्त विद्यापीठाबद्दल माझ्या मनात आदरच आहे हं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला आपल्या नाशकातच उभं राहिलं, ज्ञानगंगा घरोघरी हे त्यांचं ब्रीद, आणि नोकरी करणारे, लग्न झालेल्या बायका, शिक्षण अर्धवट सुटलेले असे कितीतरी लोक त्यातून पदवीधर झालेले मी पाहिलेत. पण तू तिकडे जायचं म्हणतेयस ते भाड्यामुळे आणि हसण्यामुळे. तुला लॅब हवीय, म्हणून तर तू सायन्स घेतलंस ना? मग भाड्याचा प्रश्न भाड्यासारखा सोडवू आणि हसण्याचा वेगळा.

भाडं. हॉस्टेलला नंबर लागला नाही तर तुझ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आदिवासी विकास विभागाची, २०१६-१७ पासून चालू. नाशिकसारख्या विभागीय शहरात राहणाऱ्या मुलीला वर्षाला ५१,००० रुपये, त्यात २८,००० जेवणाचे, १५,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाह भत्त्याचे असा हिशोब धरलेला आहे. अर्ज हॉस्टेलच्याच वेबसाईटवर होतो आणि पुढचं काम प्रकल्प कार्यालयात, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या ऑफिसात. खूप मुली हॉस्टेलच्या यादीत नाव नाही म्हणून रडत घरी जातात आणि त्याच साईटवर स्वयंचं बटण आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही, मला याचा फार राग येतो. भाडेकराराचा किंवा घरमालकाचा कागद मागतात, तेव्हा घरमालकांना आत्ताच सांगून ठेव. आणि हजेरी बघतात, म्हणून गप्प बसलीस तरी चालेल पण वर्गात बस.

आता स्कॉलरशिपचा फॉर्म. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर, फॉर्म भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे क्लार्क बघतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि तिथून पुढे विभागाकडे. कॉलेजकडे पेंडिंग म्हणजे तो अजून कोणी उघडलेलाच नाही किंवा काहीतरी खटकलंय आणि तुला सांगितलेलं नाही. उद्याच जा आणि खिडकीवर नुसतं "झालं का" विचारू नकोस, "सर माझा अर्ज क्रमांक हा आहे, त्रुटी काय आहे ते सांगा" असं विचार. बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला जुना असतो नाहीतर नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार आणि मार्कशीट जुळत नाही.

आणि एक गोष्ट जी मी दरवर्षी शंभर वेळा सांगायचे. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे पैसे तिथेच येतील असं नसतं. सरकारी पैसा ज्या खात्याला एनपीसीआयमध्ये, म्हणजे सगळ्या बँकांच्या सामायिक यंत्रणेत, आधार शेवटचं जोडलं गेलंय तिथे जातो. एका मुलाची रक्कम आली आली म्हणून पोर्टल सांगत होतं आणि पासबुकात काही नाही, चार महिने तो रोज यायचा, शेवटी कळलं की गावात कोणीतरी कॅम्प लावून अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत खातं उघडलेलं आणि पैसे तिथे पडून. तो मुलगा कागद युरियाच्या गोणीत घडी करून आणायचा, पावसात भिजू नये म्हणून, ती गोणी माझ्या टेबलावर ठेवून एकेक दाखला काढायचा आणि परत तसाच घडीवर घडी ठेवायचा. सगळे कागद बरोबर होते गं त्याचे. चूक एका अंगठ्याची होती आणि ती त्याने केलेली नव्हती.

तरीसुद्धा खरं सांगते, हे सगळं नीट केलंस तरी पैसे तुझ्या खात्यात पडेपर्यंत महिने जातात. भाडं जुलैत द्यावं लागतं आणि स्कॉलरशिप कधी मार्चमध्ये येते, कधी त्याच्याही नंतर, आणि मुलं गळतात ती याच मधल्या महिन्यांत. म्हणून मधल्या काळासाठी कमवा व शिका. आपलं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना कॉलेजांतून चालते. लायब्ररीत पुस्तकं लावणं, लॅबमध्ये मदत, ऑफिसचं काम, बाग, असं काम आणि तासावर पैसे. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांना भेट. लॅब मिळाली तर लॅबच माग, तिथे दुहेरी फायदा आहे, बाटल्या पुसता पुसता नावं पाठ होतात.

आता हसण्याचं. मी स्वतः सटाण्याहून नाशिकला शिकायला आले तेव्हा माझ्या बोलण्यालाही वर्ग हसला होता आणि मी पूर्ण एक टर्म तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे मी हे वरवरचं बोलत नाहीये. तुला तुझ्या घरची बोली येते, मराठी येते, हिंदी समजते, आणि आता इंग्रजी शिकतेयस. हसणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना चार भाषा येतात? इंग्रजीसाठी एक करून बघ, दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलचं पान आदल्या रात्री खोलीतल्या मैत्रिणीला मोठ्याने मराठीत समजावून सांग आणि फक्त शब्द इंग्रजी ठेव, टायट्रेशन, ब्युरेट, एंडपॉइंट. वाक्यं नंतर येतील. आणि ज्या सरांशी किंवा मॅडमशी बोलायला त्यातल्या त्यात बरं वाटतं त्यांना लेक्चर संपल्यावर एकच शंका विचार, रोज एक.

पण हसणं जर जातीवरून असेल, किंवा कोणी शिक्षक तसं बोलत असतील, तर ते सोसायचं नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, समानतेचे नियम २०१२ पासून आहेत, तक्रार लेखी दे, तारीख टाक, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेव. आणि रात्री फारच जड वाटायला लागलं, झोप येईना, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पत्रात तू लिहिलंयस की आई एसटीच्या ड्रायव्हरदादांकडे डबा देते, नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी, आणि तू तो स्टँडवरून लपवून आणतेस. लपवू नकोस गं. त्या तिघींना पण दे थोडी.

ताई, मी सातपूरला कंपनीत काँट्रॅक्टवर आहे. आम्ही बौद्ध. मुलगा इंजिनिअरिंगला. मागच्या वर्षी त्याच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम आली, आम्हाला वाटलं शिष्यवृत्ती म्हणजे मुलाच्या खर्चाला, घरच्यांचं दवाखान्याचं निघालं होतं त्यात गेली. आता कॉलेज म्हणतं ती आमची फी होती, भरा नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. आम्ही काय चोरी केली का?

भाऊ, चोरी बिरी काही नाही, मनातून काढून टाका. ही गफलत शेकडो घरांत झालीय. आधी फीचा भाग कॉलेजला जायचा आणि विद्यार्थ्याच्या हातात फक्त निर्वाह भत्ता यायचा. २०२१ मध्ये केंद्राने अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची पद्धत बदलली, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला, आणि केंद्राचे पैसे सरळ विद्यार्थ्याच्या बँक खात्यात यायला लागले. त्यात फीसुद्धा असते. घरून ये-जा करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा स्वतःचा शैक्षणिक भत्ता वर्षाला ७,००० रुपये, बाकीची जी मोठी रक्कम दिसते ती फीची, म्हणजे ती कॉलेजला द्यायचीच असते. पैसे खात्यावर पाठवताना कोणीतरी एक मेसेज मराठीत लिहिला असता की यातले इतके तुमचे आणि इतके कॉलेजचे, तर तुमच्यावर ही वेळ आली नसती, पण तो मेसेज येत नाही.

आता करायचं काय, तर प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा. जे झालं ते खरं खरं लिहा, दवाखान्याचे कागद जोडा, आणि स्वतःहून सांगा की दर महिन्याला इतके भरू. आकडा तोच लिहा जो जमेल, मोठेपणा करून पाच हजार लिहून दुसऱ्या महिन्यात चुकण्यापेक्षा दीड हजार लिहून दर महिन्याला भरणं चांगलं. पोच घ्या. मुलाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा, एक दिवसाचा खाडा झाला तरी जा, बाप समोर बसला की बोलण्याचा सूर बदलतो हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय.

ऐकलंच नाही तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे, त्यात निदान एक महिला आणि निदान एक एससी, एसटी किंवा ओबीसी सदस्य असायलाच हवा, आणि समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. पण आधी अर्ज आणि हप्ते, बऱ्याच ठिकाणी तिथेच मिटतं. आणि या वर्षीची रक्कम आली की त्याच दिवशी कॉलेजला भरून पावती फाईलला लावा.

माझ्या भावाला दोन्ही डोळ्यांनी खूप कमी दिसतं, एफवायबीएला आहे. पेपर लिहायला रायटर मिळतो का आणि कॉलेज म्हणतं तुम्हीच शोधा, हे बरोबर आहे का?

मिळतो, लेखनिक म्हणतात त्याला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. स्वतःचा लेखनिक आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून मागायचा हे २०१८ च्या सूचनांत विद्यार्थ्याने ठरवायचं होतं, २०२५ मध्ये नव्या सूचना आल्यात म्हणून आताची पद्धत विचारून घ्या, पण "तुम्हीच शोधा" म्हणून हात झटकता येत नाहीत. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल पण लिहायला खरंच अडचण असेल तरी लेखनिक मागता येतो, त्यासाठी डॉक्टरचं ठरावीक प्रमाणपत्र लागतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, फॉर्म भरतानाच अर्ज द्या. आणि लेखनिकाबरोबर आधी दोन-तीन वेळा बसून सराव करा, सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे.

आम्ही मालेगावचे, अब्बा यंत्रमागावर आहेत. मी उर्दू मीडियममधून बारावी केली, आता नाशिकला इंजिनिअरिंगला जायचंय. मुलींना फी माफ आहे असं ऐकलं, पण सेतूमध्ये म्हणाले तुमची जात ओबीसीत असेल तर बघा. आमच्यात जात असते का?

बेटा, तुझ्या पत्राच्या शेवटी तू अन्सारी मोमीन असं लिहिलंयस. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत मोमीन आणि जुलाहा आहेत, विणकरीचा पिढीजात धंदा करणाऱ्या मुस्लिम घरांसाठीच ती नोंद आहे. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं, किंवा कागद काढायचा कंटाळा म्हणून ओपनमध्ये फॉर्म भरतात आणि मग पूर्ण फी भरत बसतात.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर. पण ॲडमिशन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधूनच हवं, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही मिळत, हे तुझ्या मामांना नक्की सांग कारण ते एजंटशी बोलतायत असं तू लिहिलंयस. एजंट नको.

जातीच्या दाखल्यासाठी आणि नंतर व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीसाठी, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात. दादाजान किंवा त्यांचे भाऊ जिथे शिकले त्या शाळेचं जनरल रजिस्टर, जुना जन्ममृत्यू उतारा, यात कुठेतरी जातीच्या रकान्यात मोमीन लिहिलेलं सापडतं. उर्दू किंवा मोडीतली नोंद असेल तरी चालते, भाषांतर करून लावायची. हे काम आजच सुरू कर, यालाच वेळ लागतो. नॉन क्रीमीलेयर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, तोसुद्धा त्याच वेळी काढून ठेव.

भाषेचं टेन्शन घेऊ नको, गणिताला उर्दू मराठी काही नसतं, पहिलं सेमिस्टर अवघड जाईल आणि मग जाणार नाही. राहण्यासाठी ओबीसीच्या मुलामुलींना आता सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, स्वयंसारखीच, वर सुरगाण्याच्या मुलीला लिहिलंय ते वाच.

मॅडम, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात प्राध्यापक आहे. आमच्याकडे समान संधी केंद्र, तक्रार समिती, एससी एसटी सेल, मेंटॉर मेंटी सगळं कागदावर आहे, बोर्डही लावलेत. पण दरवर्षी एफवायची मुलं कमी कमी होत जातात. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईल सोडून खरोखर काय करावं?

सर, तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. देशाचा आकडा तुम्हाला माहीत असेलच, २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणात पोचलेल्या तरुणांचं एकूण प्रमाण २८.४ टक्के होतं आणि आदिवासींचं २१.२. म्हणजे जी मुलं आपल्या दारापर्यंत आलीत ती आधीच खूप चाळण्यांतून आलेली आहेत, त्यातलं एक जरी दारातून परत गेलं तरी ते आपलं अपयश आहे असं मी मानते.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली, भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ ला सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवलं. दोघांनाही कळलं होतं की खेड्यातल्या पोराला आधी झोपायला जागा आणि भाकरी लागते, फी हा त्याच्या नंतरचा प्रश्न. आपण मात्र सगळं फीभोवती बांधून ठेवलंय आणि फीचे पैसेही उशिरा येतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की जुलै ते मार्च हे अंतर कॉलेजने स्वतःच्या अंगावर घ्यावं. ज्याला शिष्यवृत्ती लागू आहे त्याच्याकडून ॲडमिशनला एक रुपयाही मागायचा नाही, आणि स्टाफने मिळून छोटासा फंड करायचा, दोन-तीन हजार बिनव्याजी, स्कॉलरशिप आली की परत. आम्ही केला होता. काही जणांचे परत आले नाहीत, बहुतेकांचे आले, आणि एक मुलगी तर नोकरी लागल्यावर सहा वर्षांनी पेढे घेऊन पैसे द्यायला आली.

दुसरं, स्कॉलरशिपचं टेबल ऑफिसातून बाहेर काढा. जून, जुलै, ऑगस्ट तीन महिने व्हरांड्यात, एक क्लार्क, एक प्राध्यापक आणि कमवा व शिकातली सेकंड थर्ड इयरची दोन मुलं, जी मागच्याच वर्षी त्या फॉर्ममधून गेलीत. नवीन मुलगा प्राध्यापकाला विचारत नाही पण त्याच्याच पाड्यावरच्या दादाला विचारतो. लॅपटॉप आणि स्कॅनर तिथेच ठेवा म्हणजे सायबर कॅफेवाल्याला दर वेळी शंभर रुपये द्यावे लागणार नाहीत.

आणि तिसरं जे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. मी शिकवायचे त्या कॉलेजात पेठकडचा एक मुलगा होता, सेकंड बेंचवर खिडकीजवळ बसायचा, अक्षर मोत्यासारखं. सप्टेंबरमध्ये तो यायचा बंद झाला. आम्हाला कळलं कधी, तर परीक्षेचे फॉर्म मोजताना एक कमी भरला तेव्हा, म्हणजे जवळजवळ दीड महिन्याने. मी त्याची मेंटॉर होते, माझ्या फाईलमध्ये त्याच्या नावापुढे दोन मीटिंगा झाल्याचं लिहिलेलं होतं. नंबर लावला तर तो वडिलांबरोबर बांधकामावर गेलेला, म्हणाला मॅडम खोलीवाल्याने सामान बाहेर ठेवलं, तुम्हाला सांगायला लाज वाटली. साडेतीन हजार रुपये राहिले होते फक्त. तो परत आला नाही.

त्यानंतर मी एक साधी वही केली. दर शनिवारी पहिल्या वर्षाची हजेरी बघायची आणि जो सलग चार दिवस आला नाही त्याला त्याच दिवशी फोन, आणि फोनवर "का नाही आलास" असं विचारायचंच नाही. विचारायचं, "राहायला कुठे आहेस, जेवायचं काय करतोस?" वहीत तीनच रकाने, नाव, गाव, काय म्हणाला. फोन लागला नाही तर त्याच गावच्या दुसऱ्या मुलाकडे निरोप द्यायचा, आणि सोमवारी परत लावायचा.

तुम्हाला वहीचा नमुना हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी हातानेच आखून पाठवते.